कोरा चहा

बिनूने टोपलीतून मोगऱ्याचे गजरे काढले आणि गाडीतल्या बायकांना एकेक देत देत तो मागच्या बाकापर्यंत आला. सोनियाने मुकाट्याने हात पुढे केला. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण ओठांवर आणायचीच आज चोरी होती.

"हमकू नको रे बाबा," शेजारी बसलेल्या आवडाबाई, तिच्या सासूबाई, म्हणाल्या. "हमारा आदमी नही रहा. हमारे बहू कू देव, दोनो."

बिनूला ही हिंदी कितपत कळली देव जाणे. आवडाबाईंनी ती छावणीच्या आठवडी बाजारात भाजीचा भाव करता करता कमावली होती आणि बिनूने आपली मुन्नारच्या डोंगरात टुरिस्ट फिरवता फिरवता. दोघांचंही व्याकरण सारखंच लंगडं, त्यामुळे कालपासून त्यांचं छान जमलं होतं. त्याने हसून दुसरा गजराही सोनियाच्या मांडीवर ठेवला, पुढे जाऊन माइक हातात घेतला आणि आजचा कार्यक्रम सांगायला लागला. आधी एक धबधबा, मग चहाचे मळे, मग जेवण, मग चहाचा कारखाना, आणि उतरताना आणखी एक धबधबा. कुठे किती मिनिटं थांबायचं तेसुद्धा त्याच्या बोटांवर होतं.

"माळ की गं," आवडाबाई म्हणाल्या.

"माळते नंतर. डोकं दुखतंय जरा."

"गजऱ्यानं डोकं दुखत नसतंय." त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, मग पुढच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या मानेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "भांडलात व्हय? एवढ्या लांब सहलीला येऊन भांडायचं असतंय का, येड्यावानी?"

सोनिया कशीबशी हसली. दोन्ही गजरे तिने पर्समध्ये टाकले आणि चेन ओढून घेतली.

सकाळी साडेसहाला हॉटेलच्या गॅलरीत सुदर्शनचा, तिच्या नवऱ्याचा, फोन वाजला होता. शेंद्र्याहून अतुल बोलत होता, त्याचा मावसभाऊ. पहाटे चारला कडूबाईंच्या छातीत दुखायला लागलं, गाडीत घालून नेईपर्यंत खेळ आटोपला. बाराला माती. पाहुणे जमायला लागलेत, थांबता येणार नाही, आणि थांबून तरी काय, तुम्ही कुठं आणि आम्ही कुठं, असं म्हणून अतुल रडायला लागला.

कडूबाई म्हणजे आवडाबाईंची पाठची, एकुलती एक बहीण. एक पडेगावला दिलेली आणि दुसरी शेंद्र्याला, मध्ये सगळं शहर. पण संध्याकाळी सात वाजले की आवडाबाई फोन घेऊन सुनेपुढे उभ्या राहायच्या. त्यांना नंबर लावता येत नव्हता. सोनिया लावून द्यायची आणि मग अर्धा तास पडेगावची भाजी काय केली ते शेंद्र्याला आणि शेंद्र्याची म्हैस किती दूध देते ते पडेगावला कळायचं. कालही मुन्नारहून फोन झाला होता. "तिथली पत्ती आण बरं का माझ्यासाठी," कडूबाईंनी बजावलं होतं. "आन् थंडीत फिरू नको उघड्या कानानं."

फोन ठेवल्यावर सुदर्शनने गॅलरीचं दार आतून दिसणार नाही असं लोटलं.

"आईला सांगायचं नाय."

"अहो, त्यांची बहीण आहे."

"माझी कुणी नव्हती का ती?" त्याने तोंड कठड्याकडे फिरवलं. "पण सांगून करायचं काय, सांग मला. विमान उद्या दुपारी. आज काय पंख लावून जायचं का? हितं परमुलखात, हॉटेलच्या भिंतीला डोकं लावून रडत बसंल. बीपीच्या गोळ्या चालू हायत. जन्मात पहिल्यांदा घराबाहेर पडलीय माय माझी. एक दिवस, सोनिया. एवढा एक दिवस बघू दे तिला. मग घरी गेल्यावर हायच की जन्मभर."

"निदान अंघोळ तरी करू द्या. कानावर पडलं की डोक्यावरून पाणी घेतात. आज त्या गोडधोड खातील, फोटो काढतील. उद्या त्यांना काय वाटेल?"

"माझी शपथ हाय तुला. तोंडातून एक शब्द काढलास तर."

शेंद्र्याच्या कारखान्यात हा माणूस दीडशे जणांवर सुपरवायझर होता. मशीनमध्ये कुणाचं बोट अडकलं तरी न डगमगता पुढची कामं हाच करायचा. पण आईच्या डोळ्यांत पाणी दिसलं की याचे हातपाय गळायचे. सोनियाला ते ठाऊक होतं. त्याच्या या हट्टात माया किती आणि भीती किती, हेही तिला बरोबर कळत होतं. खोलीत जाऊन त्याने आईच्या उशाखालचा फोन काढला, बंद केला आणि खिशात घातला. "चार्जिंगच होईना, आई. बिघडला वाटतं," असं तो तिला अंघोळीहून आल्यावर म्हणाला, आणि तेही इतक्या हुशारीने की आवडाबाईच उलट म्हणाल्या, जाऊ दे, घरी गेल्यावर बघू.

आणि मग गाडीत बिनूने ज्याला त्याला सीट नेमून दिल्या तेव्हा सोनियाच्या वाट्याला सासूच्या शेजारची आली. दिवसभरासाठी.

पहिला धबधबा उंच होता. रस्त्यावर उभं राहिलं तरी तुषार अंगावर येत होते. बडोद्याचं एक जोडपं पार पाण्यापर्यंत जाऊन भिजून आलं. बिनूने आवडाबाईंनाही विचारलं, अम्मा, पानी में जाएगा?

"नको रे बाबा. हमकू सर्दी होती," म्हणत आवडाबाईंनी कानाची पट्टी आणखी घट्ट केली. "कडूनं बजावलंय मला."

सुदर्शन चटकन दुसरीकडे वळला आणि कणसं विकणाऱ्याशी भाव करायला लागला. कणीस कुणाला नको होतं.

चहाचे मळे सुरू झाले तेव्हा आवडाबाई खिडकीला चिकटल्या. डोंगरच्या डोंगर हिरवे, आणि सगळी झुडपं एका उंचीची कापलेली. त्यांनी आयुष्यभर कपाशी आणि मका पाहिलेला. एवढं नीटनेटकं पीक त्यांनी पाहिलं नव्हतं. "कोण खुरपत असंल गं एवढं?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मग एका वळणावर त्यांना राहवेना.

"सुद्या, तुझा फोन दे. कडूला दाव की हे. ते तोंड दिसतं त्या फोनवर."

"रेंज नाय, आई."

पलीकडच्या बाकावर बडोद्याचे गृहस्थ फोनवर मोठमोठ्याने दुकानातल्या नोकराला मालाबद्दल सांगत होते. आवडाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं.

"त्यांचं कार्ड वेगळं हाय," सुदर्शन म्हणाला.

"मग सातला लागंल ना?"

"लागंल की. सातला लागंल."

सोनियाने खिडकीबाहेर तोंड केलं. तिला ओरडून गाडी थांबवावीशी वाटत होती. पण थांबवून उतरणार कुठे? एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, आणि मध्ये ही तेरा माणसांची गाडी, तिच्यात ती अडकित्त्यातल्या सुपारीसारखी बसलेली. बोलावं तर नवऱ्याची शपथ, न बोलावं तर शेजारी ही बाई, जी बहिणीला सांगायला एकेक गोष्ट मनात गोळा करत चालली होती.

मळ्यात फोटोचा कार्यक्रम होता. पाठीवर वेताची टोपली, डोक्याला रुमाल, कमरेला रंगीत कापड, असं चहा खुडणाऱ्या बाईचं सोंग घेऊन उभं राहायचं. सुदर्शनने आईला पुढे केलं. आवडाबाई आधी लाजल्या, मग टोपली बांधून झाल्यावर त्यांना गंमत वाटायला लागली. दोन पानं आणि एक कोंब असं खुडायचं, हे त्यांनी बिनूकडून एकदाच पाहिलं आणि भराभर खुडून दाखवलं. हात शेतातलाच होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"हास, आई. इकडं बघ."

आवडाबाई हसल्या. पुढचे दोन दात नाहीत म्हणून फोटोत त्या कधी तोंड उघडून हसत नाहीत, पण आज हसल्या. सोनियाने मनगटावर पाहिलं. बाराला दोन मिनिटं कमी होती. शेंद्र्याला आता उचलली असेल. एकच बहीण, आणि ती इथे पाठीला टोपली लावून हसतेय. ती मळ्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

तिला रस आठवला. उसाचा रस. नऊ वर्षांपूर्वी कन्नडहून, तिच्या माहेरून, फोन आला की वडील सिरियस आहेत, निघा. आपल्याकडे सिरियस म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण ज्याचं माणूस जातं त्यालाच नेमकं कळत नाही. जीपमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, तिला सोडून. वेरूळच्या अलीकडे एका रसवंतीवर जीप थांबली आणि आवडाबाईंनी स्वतःच्या हाताने ग्लास तिच्यापुढे धरला. पी गं, ऊन लई हाय. तिने तो गोड रस बर्फासकट पिऊन टाकला, वर आणखी अर्धा घेतला. तासाभराने दारात माणसं दिसली तेव्हा तिच्या तोंडात तीच गोडी होती. त्याबद्दल ती कुणाला काही बोलली नाही. पण तिने सासूला माफही केलं नव्हतं, हे खरं.

आणि आज तिच्या हातात तोच ग्लास होता.

जेवणात केळीच्या पानावर पायसम, तिकडची खीर, आलं. आवडाबाईंनी दोनदा मागून घेतलं. सुदर्शनने आपलं आईच्या पानात वाढलं. सोनियाचं तिच्या पानात तसंच राहिलं.

अडीच वाजता कारखाना. यंत्रांची घरघर, आणि सगळीकडे ओल्या पानांचा उग्र, जरासा आंबूस वास. बिनूने पानं कुठे सुकवतात, कुठे चिरडतात, कुठे भाजतात ते दाखवलं आणि शेवटी सगळ्यांना एका लांब टेबलाशी आणून उभं केलं. टेबलावर पांढरेशुभ्र छोटे कप ओळीने मांडले होते. त्यांत तांबूसकाळा चहा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा.

आवडाबाईंनी हात पुढे केला, कपात डोकावून पाहिलं आणि हात मागे घेतला.

"क्या रे बाबा, कोई मर गया क्या?" त्या बिनूला म्हणाल्या. "कोरी चाय काय कू देरा?"

बिनू खळखळून हसला. "नो अम्मा. कोई नहीं मरा. टेस्ट करने का. दूध डालेगा तो असली टेस्ट नहीं मिलेगा."

गाडीतली माणसंही हसली. त्यांना वाटलं म्हातारी विनोदी आहे. पण आवडाबाई विनोद करत नव्हत्या. त्यांच्याकडे दुधावाचून चहा एकाच वेळी होतो. घरातलं माणूस गेलं की चहात दूध पडत नाही. भेटायला येणाऱ्यांना कोरा चहा देतात, आणि तो नको म्हणायची रीत नाही. एरवी दूध संपलं तर शेजारून वाटीभर मागून आणतील, पण धडधाकट घरात कुणापुढे कोरा चहा ठेवणार नाहीत.

"मी दुधाचा आणतो तुला," सुदर्शन घाईघाईने म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "तिकडं कँटीन हाय. तू ते पिऊ नको, आई. सोनिया, देऊ नको तिला." आणि तो जवळजवळ पळतच गेला. जाता जाता दारातल्या एका बाईला धडकला.

"एवढं पळायला काय झालं याला?" आवडाबाई म्हणाल्या. तोंडावरचं हसू अजून तसंच होतं. हसतच त्या सुनेकडे वळल्या.

सोनिया हसत नव्हती; हातातला कप तसाच धरून ती सुदर्शन गेला त्या दाराकडे बघत होती.

आवडाबाईंचं हसू हळूहळू गेलं. बाकीची मंडळी कप ठेवून दुकानाच्या दिशेने सरकली.

"फोन बिघडला नाय माझा," आवडाबाई म्हणाल्या.

सोनियाने नजर कपात घातली.

"गजरा माळला नाहीस. पानात पायसम ठेवलंस." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "कोण?"

तोंडातून एक शब्द काढलास तर, असं तो म्हणाला होता.

"कडू?"

सोनियाने कप उचलला. सासूच्या डोळ्यांकडे बघत तिने तो कोरा चहा घोट घोट करत तळापर्यंत पिऊन टाकला आणि रिकामा कप टेबलावर ठेवला. शब्द तिने एकही काढला नाही.

आवडाबाई टेबलाजवळच्या बाकावर बसल्या. मग त्यांनी हात लांब करून आपला कप घेतला, दोन्ही तळव्यांत धरला आणि दुःखाच्या घरी पितात तसा, कुणाशी न बोलता, खाली बघत प्यायला.

"माझ्या आधीची दोन लेकरं दगावली," रिकाम्या कपाकडे बघत त्या म्हणाल्या. "मी जगले म्हणून आवडा. ती झाली तर आयला धाक, आता हिला कोण नेतंय. म्हणून कडू नाव ठेवलं. कडू चीज कोण उचलून नेतंय म्हणं." त्यांनी कप ठेवला. "नेलंच की."

सोनिया त्यांच्याशेजारी टेकली. आता शपथेत राहिलं काय होतं.

"पहाटे गेल्या. छातीत दुखलं. फार त्रास नाही झाला म्हणे."

"माती?"

"बाराला झाली."

"बाराला." आवडाबाई आठवत होत्या. "बाराला मी टोपली लावून उभी व्हते. दात काढून."

"आत्याबाई, मी सांगणार होते. ह्यांनी शपथ घातली."

"ठावं हाय मला. पोटचा हाय माझ्या." त्यांनी पदराने नाक पुसलं. डोळे कोरडेच होते. "तुझा बाप गेला तवा म्या तुला रस पाजला. तवापासून तू रस पीत नाहीस. दर उन्हाळ्यात बघते मी. रसवंतीवर सगळे उतरत्यात, तू गाडीत बसून ऱ्हातीस."

नऊ वर्षं तिला वाटत होतं, हे आपल्या एकटीलाच माहीत आहे.

"मला वाटलं, पोरगी उन्हाची निघालीय, पोटात कायतरी जाऊ दे. पुढं दिवसभर कोण इचारणार व्हतं तिला खाण्यापिण्याचं? पर चुकलं माझं. कळायला पाहिजे व्हतं तुला. आज कळतंय मला."

सोनियाला रडू फुटलं. ते तिला कडूबाईंसाठी आलं की वडिलांसाठी की या चार शब्दांसाठी, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आवडाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"पूस डोळे. तो येतोय."

गर्दीतून सुदर्शन येत होता. कागदी कप त्याने डोक्याच्या वर धरला होता, कुणाचा धक्का लागू नये म्हणून, आणि दुसऱ्या हाताने माणसं बाजूला करत होता.

"त्याला सांगू नको, मला कळलं म्हणून."

"अहो, पण..."

"बघ कसा येतोय. सकाळपास्नं जीव टांगणीला लावून हिंडतोय माझ्यासाठी. घरी पोचस्तोवर वाटू दे त्याला, आईला सुखाचा दिवस दाखवला. मी सातला फोन मागणार नाय. तू बी आठवण काढू नको."

म्हणजे सकाळी नवऱ्याने एक कुलूप घातलं होतं, ते आत्ता कुठे निघालं तोवर सासूने दुसरं घातलं. सोनियाने मान हलवली. हे तिला सकाळच्यापेक्षा जड वाटत होतं, पण निदान उचलायला दोघी होत्या.

"हा घे. चांगला आटवून आणलाय," सुदर्शन धापा टाकत म्हणाला. मग त्याला रिकामा कप दिसला. "प्यालीस व्हय तो? कडू नाय लागला?"

"लागला," आवडाबाई म्हणाल्या. "पर हातात दिलेला टाकावा कसा?"

त्यांनी त्याच्या हातातला दुधाचा चहाही घेतला. दोन घोट प्यायल्या आणि बरा हाय म्हणाल्या. सुदर्शनचा जीव भांड्यात पडलेला दिसला.

दुकानात आवडाबाईंनी सगळ्यांत मोठं पुडकं उचललं. किलोभराचं.

"एवढी पत्ती?" सुदर्शनने विचारलं.

"कडूनं सांगितली व्हती ना." त्या पुडक्यावरची अक्षरं वाचत असल्यासारख्या बघत होत्या, वाचता त्यांना येत नव्हतं. "तिच्याकडं माणसं येत्याल-जात्याल. लागंल."

सुदर्शनने पाकीट काढलं. "व्हय. दिवाळीत पाहुणे लई असतात मावशीकडं."

"व्हय," आवडाबाई म्हणाल्या. "लई असतात."

शेवटच्या धबधब्याशी गाडी थांबली तेव्हा उन्हं डोंगराआड जायला आली होती. हा धबधबा बुटका होता. रस्त्याला लागूनच खडकावरून पाणी पडत होतं, खाली सपाट शिळा, आणि चारदोन माणसं त्याखाली उभी राहून अंग धूत होती. पंद्रह मिनट, बिनू म्हणाला.

आवडाबाईंनी कानाची पट्टी सोडली. चष्मा काढून सोनियाच्या हातात दिला, पदर कमरेला खोचला आणि त्या पाण्याकडे निघाल्या.

"आई, सर्दी होईल," सुदर्शन म्हणाला.

"होऊ दे."

बिनूने हात देऊन त्यांना शिळेपर्यंत नेलं आणि परत येऊन तो गाडीशी थांबला. पाण्याखाली जाऊन त्या बसल्या. धार नेमकी टाळूवर पडत होती. लुगडं अंगाला चिकटलं, अंबाडा सुटला. थंडीने त्यांचे खांदे वर आले होते तरी त्या हलल्या नाहीत. ओठ हलत होते. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं.

सुदर्शनने मोबाईल काढला आणि व्हिडिओ सुरू केला.

"बघ, सोनिया. सकाळी पाय बुडवत नव्हती, आन् आता बघ." त्याचा आवाज हसल्यासारखा आणि कापल्यासारखा येत होता. "सांगितलं असतं तर हे झालं असतं का? तूच सांग."

सोनियाने हातातला चष्मा पदराने पुसला. "नसतं झालं," ती म्हणाली.

"आई," सुदर्शनने ओरडून सांगितलं, "घरी गेल्यावर मावशीला दाखवू हे."

पाण्यातून आवडाबाईंनी मान वर केली. तोंडावरचे केस दोन्ही हातांनी मागे सारले.

"दाखव की," त्या म्हणाल्या. "लई हसंल ती. सुद्या, ये, तू बी ये. घे डोक्यावरून."

"मी? नको, गार हाय लई."

"ये म्हणते ना."

आईने असं म्हटल्यावर तो थांबणारा नव्हताच. मोबाईल आणि खिशातला दुसरा फोन त्याने सोनियाजवळ दिला, बूट काढले आणि पँटसकट पाण्यात शिरला. आधी तो थंडीने ओरडला, हसला. मग आवडाबाईंनी त्याला खाली बसवलं आणि त्याच्या डोक्यावर ओंजळीने पाणी घातलं. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या ओंजळीला त्याने गुडघ्यांत मान घातली आणि त्याचे खांदे हलायला लागले. पाण्याखाली कुणाला दिसत नाही, असं त्याला वाटत असावं. आवडाबाई दुसरीकडे बघत राहिल्या आणि पाणी घालत राहिल्या.

मागे बिनूने शिट्टी वाजवली. माणसं गाडीकडे परतायला लागली. त्याने बोटांवर माणसं मोजली आणि सोनियाजवळ येऊन उभा राहिला. "मॅडम, टाइम हो गया. तीन कम है."

"सोने," पाण्यातून आवडाबाईंनी हाक मारली, "फोन ठेव आन् तू बी ये."

सोनियाने पर्सची चेन उघडली. दोन्ही फोन आणि चष्मा तिने सुकलेल्या गजऱ्यांवर ठेवला, पर्स बिनूच्या हातात दिली आणि चपला काढल्या.